कडी लावून

आमच्या रत्नागिरीच्या घरात न्हाणीघर मागच्या पडवीला लागून होतं. कोपऱ्यात चुलवण, त्यावर तांब्याचा हंडा, बसायला चौकोनी दगड. दाराला आतून एक लाकडी खिट्टी होती, पण ती कुणी मनावर घेत नसे. आत कोण आहे ते पाणी ओतण्याच्या आवाजावरून घरभर कळायचं. त्या खिट्टीच्या जागी लोखंडी कडी आली १९८६च्या गणपतीनंतर, आणि ती आली माझ्या मावशीमुळे.

मावशी गिरगावात राहायची, नोकरी करायची. गणपतीला यायची तेव्हा तिच्या बॅगेत आमच्यासाठी काय काय असायचं, आणि तिच्या स्वतःसाठी, टॉवेलात गुंडाळलेली एक ट्यूब. ॲन फ्रेंच. त्या दिवशी ती न्हाणीघरात गेली, पाण्याचा आवाज काही येईना, आणि दहा मिनिटांनी पडवीत असा वास सुटला की आजी माजघरातून उठून आली. ‘काय गो, आत काय जाळत्येस काय?’ म्हणत तिने दार ढकललं. मावशी दगडावर बसलेली, पातळ मांडीपर्यंत वर, आणि दोन्ही पोटऱ्यांना पांढरा लेप. आजीला वाटलं काहीतरी चावलं. त्यानंतर बाबांनी कडी बसवली. का बसवली हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही.

तो वास गंधकाचा. केस काढायच्या या क्रीममधलं मुख्य द्रव्य कॅल्शियम थायोग्लायकोलेट. केस ज्या केरॅटिनचा बनतो त्याचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांना धरून असतात. ते बंध हे द्रव्य तोडतं आणि केसाचा लगदा होतो. मग ओल्या फडक्याने पुसला की निघतो. त्यासाठी क्रीम चांगलंच क्षारधर्मी ठेवावं लागतं. पार्लरमध्ये केस कुरळे करायला वापरतात तेही याच कुळातलं, फक्त सौम्य. अडचण अशी की आपल्या त्वचेचा वरचा थरही केरॅटिनचाच. डब्यावर लिहिलेली मिनिटं म्हणजे केस विरघळेपर्यंतची आणि कातडी सुरू होण्याच्या आधीची वेळ. मावशीने आजीशी वाद घालता घालता ती ओलांडली होती. पुढचे दोन दिवस ती आरतीला पाय पोटाशी घेऊन बसली.

आजीने या प्रकाराला ‘मुंबईची थेरं’ म्हटलं खरं, पण युक्ती जुनीच होती. सुश्रुतसंहितेत, चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात, लोमशातनाचा लेप सांगितलाय: शंखाचं चूर्ण दोन भाग, हरताळ एक भाग. तिथे तो जखमेसाठी आहे. जखमेभोवतीचे केस ती भरू देत नसतील तर ते काढायचे, म्हणून. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग, तेव्हा कुणी हे घरी करून बघायला जाऊ नये. पण क्षार आणि गंधक ही जोडी तीच, आणि वासही बहुधा तसाच असणार.

आता मागे वळून पाहताना मला आजीच्या पोटऱ्या आठवतात. ती शेवटपर्यंत नऊवारीत होती. काष्टा घातलेलं लुगडं, कामाला लागली की आणखी वर खोचलेलं. विहिरीवर, गोठ्यात, अंगणात शेण सारवताना तिच्या पोटऱ्या दिवसभर उघड्याच. भातलावणीला येणाऱ्या बायका तर गुडघ्यापर्यंत चिखलात असायच्या. त्या पायांवर लव होती की नव्हती, मला सांगता येणार नाही. रोज समोर असूनही मी कधी पाहिली नाही, आणि कुणीच पाहिली नसावी. आईच्या पिढीने पाचवारी घेतली तेव्हा पाय घोट्यापर्यंत झाकले गेले. त्यानंतर आल्या मुलींच्या फ्रॉक-स्कर्टच्या शाळा, आणि पाय परत उघडे पडले. मधल्या त्या एका पिढीच्या झाकण्याने काय केलं? माझ्या मते, तिथेच लव दिसायला लागली. जे कायम उघडं असतं त्याकडे कुणी बघत नाही. झाकून मग उघडलेलं मात्र ‘दाखवलेलं’ होतं, आणि दाखवायचं तर नीट करून दाखवायचं.

अमेरिकेतही थोडंफार असंच घडलं. जिलेटने बायकांसाठी वेगळं रेझर काढलं १९१५ साली, बिनबाह्यांचे झगे आले तेव्हा, म्हणजे काखांसाठी. पायांची पाळी स्कर्ट आखूड झाल्यावर आली. नायलॉनचे मोजे १९४० साली बाजारात आले आणि महायुद्धात ते नायलॉन पॅराशूटकडे वळलं, तेव्हा तिथल्या बायकांनी पायांना मोज्यांच्या रंगाचं द्रव फासलं. केसाळ पायावर तो रंग बसत नाही, म्हणून आधी वस्तरा.

वस्तरा. हा शब्द आमच्या घरात बायकांच्या संदर्भात उच्चारलाच जात नसे, आणि त्यामागे सौंदर्याचा काही संबंध नव्हता. आजीच्या एका आत्याचं केशवपन झालेलं. महिन्या-दोन महिन्यांनी न्हावी मागच्या दाराने यायचा आणि ती गोठ्याच्या आडोशाला जाऊन बसायची, हे आजीने लहानपणी पाहिलेलं. हा आमचाच जिल्हा, जिथे मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३च्या मार्चमध्ये देवरुखच्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं आणि गावाने त्यांना वाळीत टाकलं. बाईच्या अंगाला पोलाद लागणं म्हणजे काय, हे आजीला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे पुढे मी कॉलेजात असताना बाबांच्या दाढीच्या डब्यातलं टोपाझ ब्लेड गायब झालं, आणि ते कुठे गेलं हे आजीच्या लक्षात आलं, तेव्हा ती रागावली नाही. ती घाबरली. त्या दिवशी ती मला देवाला नमस्कार करायला लावून मग जेवली. मला हसू आलं होतं, हे आता लिहिताना बरं वाटत नाही.

आईची भीती वेगळी: ‘ब्लेड लावलंस तर राठ होतील, दाट येतील.’ ही समजूत जगभर आहे आणि चुकीची आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच दाढी करणाऱ्या पुरुषांवर ते तपासलं होतं. १९७०च्या एका प्रयोगात तर पाच तरुणांनी कित्येक महिने दर आठवड्याला एकच पाय भादरला आणि दुसरा तसाच ठेवला. केसांची जाडी, वजन, वाढीचा वेग, कशातच म्हणण्यासारखा फरक पडला नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, ब्लेडने कापलेलं बोथट. दोन दिवसांनी हाताला टोचतं ते हे बोथट टोक. आईला हे मी पुष्कळ वर्षांनी सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं.’ पटलं नव्हतं.

घरात केस काढण्याचा एकच उघड, सर्वमान्य कार्यक्रम होता, तो बाळाचा. न्हाऊ घालणारी बाई बाळाला पायांवर आडवं घेऊन तेल लावायची आणि कणकेचा तेल-हळदीत मळलेला गोळा पाठीवरून, कपाळावरून फिरवायची. गोळ्याला चिकटून लव आली की सगळ्यांना दाखवायची. मुलगी असेल तर दोन गोळे जास्त. नवजात बाळाची ती लव काही आठवड्यांत आपोआपच गळते, पण श्रेय कणकेला. मोठ्या मुलींसाठी डाळीचं पीठ, साय, आंबेहळद. त्याने मळ जातो, कातडी मऊ होते. केस जिथल्या तिथे. मी अकरावी-बारावीची दोन वर्षं मसुराच्या डाळीत घालवली.

मग १९९१-९२च्या सुमारास आमच्या वर्गात साखरेचं वॅक्स आलं. ‘गृहशोभिके’च्या एका अंकातून की कुणाच्या पुण्याच्या वहिनीकडून, यावर तेव्हाही एकमत नव्हतं. दोन वाट्या साखर, अर्ध्याहून कमी वाटी लिंबाचा रस, तेवढंच पाणी, मंद आंच. दोन तारी पाकाच्या पुढे न्यायचा आणि गोळीबंदला जेमतेम टेकला की उतरवायचा, रंग मधासारखा. लिंबू नसेल तर पाक थंड होताना साखर परत दाणेदार होते आणि सगळी मेहनत वड्यांवर जाते. लिंबातल्या आम्लाने साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते, म्हणून पाक चिकट राहतो. लाडवाच्या पाकात दोन थेंब लिंबू पिळतात ते ह्याच कारणाने. स्वयंपाक येणाऱ्या मुलीला वॅक्स पहिल्या फटक्यात जमायचं. मला तिसऱ्या वेळी जमलं, आणि मधल्या दोन वेळांत एक पातेलं कायमचं गेलं.

पट्ट्या जुन्या परकराच्या, पुढे भावाच्या विटलेल्या जीन्सच्या. जीन्सचं कापड सगळ्यात उत्तम. पसरायला लोणी लावायची बोथट सुरी. आधी पावडर, कारण रत्नागिरीत पोटरी कोरडी अशी नसतेच. पाक केसाच्या दिशेने पसरायचा, पट्टी दाबायची, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची आणि उलट्या दिशेला एका हिसक्यात ओढायची, कातडीला समांतर. वर उचलून ओढलं तर केस तुटतो, मुळापासून येत नाही, आणि मग आत वळून पुळी धरतो. केस निदान पाव इंच हवेत. म्हणजे गुळगुळीत होण्यासाठी आधी दोन-तीन आठवडे केसाळ राहायचं, आणि त्याच दिवसांत नेमकं कुणाचं तरी लग्न निघायचं.

ही सगळी कृती कोरड्या हवेच्या गावांत शोधली गेलेली असणार. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पाक पायावर पडताच वितळून घोट्याकडे निघायचा. पावसात, जो आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, धुतलेल्या पट्ट्या चार-चार दिवस वाळत नसत. आणि त्या वाळत घालायच्या कुठे, हा त्याहून मोठा प्रश्न. पडवीच्या दोरीवर त्या एकसारख्या कापलेल्या पट्ट्या दिसल्या की त्यांचं स्पष्टीकरण द्यावं लागे. मी त्या पलंगाखाली वाळवायचे. त्यांना मुंग्या लागायच्या. साखर मी डब्यातून चोरायचे, दर खेपेला दोन वाट्या, आणि आईने हिशेब विचारू नये म्हणून डबा हलवून सपाट करून ठेवायचे. तरी डबा माझ्या अंदाजापेक्षा लवकरच तळाला जायचा. घरात मुंग्या फार, एवढंच तेव्हा वाटलं.

गोगटे कॉलेजातून बाहेर पडलो तोवर मेडिकलमध्ये क्रीम मिळू लागलं होतं. दुकानदार ते न सांगता वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा, सॅनिटरी नॅपकिनसारखंच. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि मुंबईच्या वस्तूंसाठी गणपतीची वाट पाहणं संपलं. पार्लरं वाढली, बहुतेक घरातल्याच पुढच्या खोलीत, पडदा लावून. तिथला माझा पहिला अनुभव चटक्याचा. गरम वॅक्स तपासून न बघता तिने लावलं, डाग वर्षभर राहिला, आणि मी परत घरच्या कडीकडे वळले. २००४मध्ये वीट नावाचं क्रीम भारतात आलं. वास कमी, जाहिराती जास्त.

एपिलेटरचं थोडक्यात. १९८६ साली इस्रायलच्या एका किबुत्झमध्ये निघालेल्या यंत्राचा हा वंशज, केस चिमट्यांसारखा एकेक उपटणारा. माझ्याकडे तो दुबईहून आला. ज्या जिल्ह्यात दाभोळचा एवढा गाजलेला वीजप्रकल्प २००१पासून बंद पडून होता, त्याच जिल्ह्यात मी भारनियमनात एका पोटरीवर अडकून दिवे येण्याची वाट पाहत बसलेय. दुसरी पोटरी रात्री साडेदहाला झाली. त्याचा आवाज इतका की कडी लावण्याला अर्थच उरला नाही.

२०२०च्या मार्चमध्ये पार्लरं बंद झाली. लेक पुण्याहून घरी आलेली. ३ जूनला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडे झाडं, छपरं, विजेचे खांब आडवे केले. इकडे शहरातही वीज जात-येत होती. जूनच्या शेवटी राज्य सरकारने सलून उघडायला परवानगी दिली. केस कापणं, रंगवणं, थ्रेडिंग, वॅक्सिंग चालेल. दाढी चालणार नाही. ‘वॅक्सिंग’ हा शब्द सरकारी आदेशात, आणि बातमी वाचणारे बाबा तो मोठ्याने वाचतायत, हे ऐकायला आजी हवी होती.

त्याआधीच्याच आठवड्यातली गोष्ट. लेकीला पार्लरची सवय, रेझर तिला नको होतं, म्हणून मी म्हटलं, साखर आहे, लिंबं आहेत. भरदुपारी, स्वयंपाकघराचं दार सताड उघडं टाकून आम्ही पातेलं चढवलं. आई बाहेर झोपाळ्यावर होती. अठ्ठ्याहत्तरीची, गुडघे धरलेले. पाकाचा वास गेला तशी उठून आत आली. मी चमच्याने रंग बघत होते. तिने माझ्या हातातून चमचा घेतला, पाण्याच्या ताटलीत थेंब टाकला, दोन बोटांत धरला, ताणला.

‘हा लाडवाचा झाला,’ ती म्हणाली. ‘पायाला अजून दोन मिनिटं लागतात.’

आणि गॅस बारीक केला.