घाटाचं घड्याळ

पहाटे सव्वापाच, चिपळूण

लॉजच्या मुलाला रात्रीच सांगून ठेवलं होतं, की साडेपाचला शटर उघडून दे. तो उठला, पण कुरकुरत. ही नोंद वहीत पहिली: बारा जण पहाटे निघणार असतील तर शटर कोण उघडणार, आणि बारा सायकली रात्री कुठे ठेवणार? जिन्याखाली तीन मावतात. उरलेल्या मागच्या अंगणात, पण तिथे कुत्री. रूट आखणं म्हणजे नकाशावर रेघ ओढणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा लॉजचा जिना बघावा.

काम असं आहे: पुण्याच्या एका गटाला नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गुहागरहून महाबळेश्वरला सायकलने जायचंय. समुद्रात चाक भिजवायचं आणि डोंगरावर स्ट्रॉबेरी खायची, एवढी त्यांची मागणी. तीन दिवस दिलेत. जवळची वाट चिपळूण-खेड-पोलादपूर करत आंबेनळी घाटाने जाते, अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. पण तिच्यात मुंबई-गोवा महामार्गाचा लांबलचक पट्टा आहे, आणि शेवटी जवळपास चाळीस किलोमीटरचा तेराशे मीटर उंचीचा एकच चढ. गटातल्या निम्म्या लोकांनी आजवर सिंहगड रोडचा उड्डाणपूल चढलाय. तेव्हा मी कुंभार्लीची वाट धरलीय: चिपळूणहून कोयनेच्या खोऱ्यात, तिथून पाटण, सातारा, मेढा आणि केळघरच्या घाटाने वर. लांब आहे, पण चढ तुकड्यातुकड्यांनी येतो.

सहा ते साडेसात

गुहागर-चिपळूण पट्टा काल पाहून झाला. पंचेचाळीस किलोमीटर, आणि कोकण सपाट आहे हा गैरसमज पहिल्या तासात काढून टाकणारा. मोडकाघर, शृंगारतळी, मार्गताम्हाने, रामपूर... सड्यावर चढायचं, वहाळाशी उतरायचं, पुन्हा सडा.

आज खेर्डी, पिंपळी, शिरगाव. अंधार असताना कारखान्यांच्या पाळीच्या बसेस, मग उजाडता उजाडता शाळेची पोरं. रस्ता वाशिष्ठीच्या खोऱ्यातून हळूहळू उठत जातो, पायांना कळतही नाही. नदीकाठचा रस्ता हा सायकलवाल्याचा सर्वांत जुना मित्र, कारण पाण्याने आधीच सोपा उतार शोधून ठेवलेला असतो. इथे मात्र गंमत आहे. वाशिष्ठीत बारमाही वाहणारं बरंचसं पाणी तिचं नाहीच, ते कोयनेचं आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून बोगद्यांनी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला आणायचं, पोफळीच्या भूमिगत वीजघरात साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून पाडायचं, मग ते खाली वाशिष्ठीला मिळतं. आम्ही जी उंची घाम गाळून कमावणार, ती पाणी इथे रोज विजेच्या भावाने विकतं.

साडेसात, पोफळी फाटा

टपरीवर चहा आणि कांदाभजी. मावशींना विचारलं, किती वाजता उघडता? "साडेसहाला चूल पेटते. पण बारा माणसं यायची असतील तर आदल्या दिवशी फोन कर बाई, दूध वाढवून घ्यावं लागतं." नंबर घेतला. हा नंबर माझ्या फाइलमधल्या कुठल्याही जीपीएस ट्रॅकपेक्षा मोलाचा.

बाजूच्या पंक्चरवाल्या दादांना सायकलची ट्यूब दाखवली. बारीक तोंडाचा, प्रेस्टा म्हणतात तो व्हॉल्व त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. त्यांच्या हवेच्या नळीला तो बसत नाही. म्हणजे गटाला सूचना: ज्यांच्या चाकाला प्रेस्टा आहे त्यांनी अॅडॉप्टर जवळ बाळगावा, छोटीशी पितळी वस्तू, पण नसली तर वाटेतला एकही काँप्रेसर उपयोगाचा नाही.

पावणेआठ ते पावणेदहा, कुंभार्ली घाट

इथे दिवसाचं खरं काम.

घाटमाथा सहाशे मीटरच्या थोडा वर. चढ दहा-बारा किलोमीटरचा, म्हणजे सरासरी शंभर मीटरला पाच मीटर. सरासरी हा आकडा घाटात फसवा असतो. कुठे तीन, कुठे वळणाच्या आतल्या बाजूने नऊ-दहा. मोबाइलवरचा उंचीचा आलेख तर आणखी फसवा. बऱ्याच अॅप्समध्ये उंची येते ती २००० साली अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीवरून. ती जमिनीचे तीस-तीस मीटरचे चौकोन करते. डोंगराच्या कडेला खोदलेला आठ-दहा मीटर रुंदीचा रस्ता त्या चौकोनात हरवतो, आणि आलेखावर मधेच भिंत उभी राहते. पूल आणि बोगदे तर तिला दिसतच नाहीत. म्हणून दोन अॅप्स एकाच घाटाची एकूण चढाई वेगवेगळी सांगतात आणि गटात त्यावरून भांडणं होतात. मी हवेच्या दाबावर चालणारं मीटर लावते आणि दर किलोमीटरच्या दगडाशी थांबून आकडा लिहिते. कंटाळवाणं काम आहे, पर्याय नाही.

वेळेचा हिशेब मी एका जुन्या नियमाने करते. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो पायी चालणाऱ्यांसाठी सांगितला: तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. सायकलला त्यातलं पहिलं कलम बदलायचं, दुसरं सामान लादलेल्या हौशी सायकलवाल्याला बरंच सैल करायचं. सपाटीवर तासाला पंधरा किलोमीटर. चढावर तासाला तीनशे-साडेतीनशे मीटर उंची. ब्रेव्हे, म्हणजे वेळेची मर्यादा असलेल्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, करणारी मंडळी हसतील, त्यांना दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे असतात. हसू द्या. आमच्या गटात एक काका एकसष्ट वर्षांचे आहेत आणि त्यांच्या सायकलीला मागे पॅनिअर, म्हणजे सामानाच्या पिशव्या, लागणार आहेत. त्यांना कुंभार्लीला दोन तास.

पण हे दोन तास कुठले? नकाशावर अंतर दिसतं, उंची दिसते, सूर्य दिसत नाही. सह्याद्रीची ही बाजू पश्चिमेकडे तोंड करून बसलीय. आज सूर्य पावणेसातला उगवला, पण घाटात नऊपर्यंत सावली. अंगावर थंड दगडाची हवा. नऊनंतर वरच्या वळणांवर एकेक करून ऊन उतरू लागलं, आणि शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये टोपीखालून घाम. दुपारी तीनला हाच कातळ तव्यासारखा तापलेला असतो, कारण ऊन सरळ अंगावर येतं. म्हणजे चढ सकाळीच.

आता उलट बाजू. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे आमच्या तोंडावर. दुपारनंतर समुद्राकडून, म्हणजे पाठीवर. सावली सकाळची आणि वारा दुपारचा, दोन्ही एकत्र मिळत नाहीत. घाटात वारा डोंगराने अडतो, शिवाय वेग इतका कमी की त्याचा फारसा फरक पडत नाही. तिथे सावली घ्यावी. गुहागर-चिपळूण मात्र उघडा सडा. तिथे वारा घ्यावा. म्हणून पहिल्या दिवशी मी त्यांना सकाळी समुद्रात डुंबू देणार आणि दुपारी दीडला काढणार. यावर ओरडा होणार हे माहीत आहे. दीडच्या उन्हात कोण निघतं? पण पाठीवर वारा असला तर त्या चढउतारांचा निम्मा त्रास वाचतो, आणि पाचच्या आत चिपळूण.

ट्रकांचं बोलायला हवं. वर जाणारा ट्रक आपल्याहून थोडाच वेगवान असतो, तो मागे बराच वेळ घोंघावत राहतो; थांबून त्याला पुढे काढावं. धोका उतरणाऱ्यांचा. एका वळणावर कठड्याशी टेकून आकडा लिहीत होते तेव्हा जळक्या ब्रेक लायनरचा वास आधी आला आणि ट्रक मागाहून. त्या वळणावर रस्त्याची बाहेरची कड पावसात खचलीय, पांढरा पट्टा संपला की लगेच हातभर खळगा. तिथला किलोमीटर वहीत लाल पेनाने. त्या जागी सगळ्यांनी एकामागोमाग, फोटो नाही.

दहा, घाटमाथा आणि हेळवाक

वर आलं की भाषेचा सूर बदलतो, चहात साखर वाढते. हेळवाकजवळ कोयना भेटते. महाबळेश्वरला उगम पावून ती सह्याद्रीला समांतर दक्षिणेला येते आणि इथे जवळपास काटकोनात पूर्वेला वळते. आमची वाटही तशीच वळते. धरण पाहायची हौस असणाऱ्यांना कोयनानगरचा फाटा इथून आत, पण मी तो वेळापत्रकात धरत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाच्या गोष्टी टपरीवर अजून ऐकायला मिळतात, त्या चहाबरोबर फुकट.

साडेदहा ते बारा

पाटणपर्यंत नदीच्या सोबतीने. सोपं. लिहिण्यासारखं काही नाही, फक्त समोरून वारा.

बारा ते दीड, पाटण

भाकरी, आख्खा मसूर, ताक. जेवताना फोन. साताऱ्याच्या लॉजला बारा जण, तळमजल्यावरच्या खोल्या आणि सायकली आत. मेढ्याला दुपारचं जेवण. एसटी आगारात जाऊन विचारलं की एखाद्याचा गुडघा गेला तर सायकल बसमध्ये घेणार का. उत्तर मिळालं, "गर्दी नसेल तर बघू." हे उत्तर मी 'हो' असं कधीच धरत नाही. सुटकेसाठी छोटा टेंपो हवाच. एका दादांशी भाव ठरवला, गाडी मागे नाही फिरवायची, फोन आला तर निघायचं.

दोन ते साडेचार, सडावाघापूर

पाटणहून साताऱ्याला सरळ जायचं तर कराड किंवा उंब्रज गाठून महामार्ग. त्या रस्त्यावर नोव्हेंबरात दोन गोष्टी असतात: सुसाट गाड्या आणि उसाच्या जोडट्रॉल्या. गाळप सुरू झालं की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस, मागे दिवा असेलच असं नाही. म्हणून मला सडावाघापूरच्या पठारावरून तारळ्यात उतरून नागठाण्याला महामार्ग गाठायचाय. मग महामार्गाचा तुकडा छोटाच उरतो.

एका मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून वर गेले. पावसाळ्यात इथे उलटा धबधबा बघायला रांगा लागतात: कड्यावरून पडणारं पाणी वारा परत वर फेकतो. आता कोणी नाही. पिवळं गवत, गुरं, लांबवर पवनचक्क्या. पठार हजार मीटरच्या आसपास, पाटण पावणेसहाशेच्या. म्हणजे आणखी चारशे मीटर चढ, दक्षिणेकडून, सकाळपासून ऊन खाणारा. वर सावली नाही, पाण्याची टाकी एक, ती कुलूपबंद. मुलाला विचारलं, किल्ली कोणाकडे? "सरपंचांकडे. पण ताई, आमच्या घरी हंडा असतोच की." घराची खूण लिहून घेतली.

हा चढ कुंभार्लीच्याच दिवशी घालायचा की नाही, हा दिवसाचा मुख्य सवाल. हिशेब मांडला. चिपळूणहून सहाला निघून पाटणला बारा. ऊन टळेपर्यंत तीन. पठारावर साडेचार-पाच, आणि सहाला सूर्य मावळतो. तारळ्याचा उतार आणि पुढचा ऊसपट्टा अंधारात. नाही. पाटणलाच मुक्काम.

म्हणजे तीनाचे चार दिवस झाले.

सात ते नऊ, पाटण

लॉजवर टेबल नाही, पलंगावर वही. शेवटचा दिवस बसवायचा उरलाय: सातारा, मेढा, केळघर, महाबळेश्वर. सातारा सातशेच्या आसपास, महाबळेश्वर १,३५३ मीटर. उरलेला चढ बहुतेक सगळा केळघरनंतर. वेण्णेचं खोरं धरून जाणारा हा घाट पूर्वेकडे तोंड करून आहे. कुंभार्लीचं सगळं इथे उलटं. सकाळी ऊन सरळ अंगावर, दुपारनंतर डोंगराची सावली. देशावर हिवाळ्यात वारा बहुतेक पूर्वेचा, म्हणजे मेढ्याकडून वर चढताना पाठीवर. इथे सावली आणि वारा दोन्ही एकाच वेळी मिळतात, पण दुपारी. तेव्हा साताऱ्याहून आरामात नऊला निघा, मेढ्याला जेवा, अडीचला घाटाला लागा. एकच अट: शनिवार-रविवार नको, नाहीतर पर्यटकांच्या गाड्या घाट भरून टाकतात. निघायचं सोमवारी, पोचायचं गुरुवारी.

एकूण चढाईची बेरीज केली. महाबळेश्वर समुद्रापासून साडेतेराशे मीटरवर असलं तरी वाटेत कमावलेली उंची दोनदा गमवावी लागते, सडे वेगळेच. पायांना चढावं लागेल ते त्याच्या दुपटीच्या आसपास. हे गटाला स्पष्ट लिहिलं. मागे चौतीस दातांची कॅसेट नसेल तर बदलून घ्या, हेही.

साडेनऊ

वेळापत्रक पाठवलं. दहा मिनिटांत उत्तरं.

"ताई, चौथी रजा मिळणार नाही."

"पहिल्या दिवशी दीडला? उन्हात?"

"काल मी स्ट्रॉबेरीचं विचारलं होतं. नोव्हेंबरात मिळेल का?"

एकसष्टच्या काकांचा वेगळा निरोप: चार दिवस ठीक, पण पोफळीच्या मावशी भजी कांद्याची करतात की बटाट्याची. पहिल्याला लिहिलं, की रजा नसेल तर दोन वाटा आहेत. एक, पाटणहून टेंपोने साताऱ्याला जायचं, सडावाघापूर सोडायचं आणि पुढे गटाच्या आधी एकट्याने घाट करायचा. दोन, गुहागर-चिपळूण सोडून दुसऱ्या दिवशी पहाटे चिपळूणला येऊन मिळायचं. तिसरी वाट महामार्गाची आहे, ती मी आखून देणार नाही. त्याने अंगठा पाठवला. कुठल्या वाटेला, ते उद्या विचारीन.