टी.व्ही.ची निवड आणि घराचे संस्कार



केबलवाल्याला किंवा डिशच्या रिचार्जला दरमहा पैसे देताना आपण नेमके काय विकत घेतो, हा प्रश्न अंजूरसारख्या गावातील कष्टकरी कुटुंबाने तरी विचारलाच पाहिजे.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला केलेला उपदेश सिगालोवाद सुत्तात आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी राखावा, असे त्यात सांगितले आहे. धननाशाच्या सहा वाटांमध्ये खेळतमाशांचा अतिरेकी नादही गणला आहे. आज तमाशा घरातच आला आहे, एवढाच फरक.

पूर्वी केबलवाला देईल ते घ्यावे लागे. केबलसाठी कायदा १९९५ साली झाला. प्रा. प्रतिभा नैथानी यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली प्रौढांसाठीचे चित्रपट केबलवर दाखवण्यास मनाई केली. एका शिक्षिकेने दाद मागितली म्हणून हे घडले, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे (ट्राय) नवे नियम फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आले. त्यानुसार प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर करावी लागते आणि ग्राहकाला हवी तीच वाहिनी सुटी घेता येते. पण हक्क मिळाला तरी आपण तो बजावतो काय? प्रत्येकी १९ रुपयांच्या पाच नको असलेल्या वाहिन्या सुट्या घेतल्या, तर कर सोडून वर्षाला १,१४० रुपये जातात. एका विद्यार्थ्याची वह्या-पुस्तके त्यात येतील. कधी तयार पॅक स्वस्तही पडतो. म्हणून दरपत्रक मागून आधी बेरीज करावी. ज्यांना मासिक खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी दूरदर्शनची मासिक शुल्क नसलेली 'डीडी फ्री डिश' आहे.

सशुल्क ते सारे वाईट, असेही नव्हे. डॉ. बाबासाहेबांच्या जीवनावरील मालिका २०१९ साली स्टार प्रवाह या सशुल्क वाहिनीवरच सुरू झाली. प्रश्न पैशांचा आहे, तितकाच विवेकाचा आहे.

ही निवड एकट्या कर्त्या पुरुषाने करू नये. दिवसभर राबणारी गृहिणी, वृद्ध आईवडील आणि अभ्यास करणारी मुले या सर्वांनी एकत्र बसून यादी ठरवावी. मुलांसाठी सेट-टॉप बॉक्समध्ये कुलूप लावण्याची सोय असते. मोबाईलवरील सशुल्क कार्यक्रमांसाठीही २०२१ च्या नियमांनी वयोगट आणि कुलूप सांगितले आहे. तथापि कुलपाने वाहिनी बंद होते, संस्कार होत नाहीत. मुलांच्या अभ्यासाच्या वेळी वडिलांनी स्वतः टी.व्ही. बंद केला, तर ते मुलांना आपोआप कळते.

या महिन्याचे पैसे देण्यापूर्वी घरात एकदा कागद-पेन घेऊन बसावे, एवढीच नम्र विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!