बांगडा बाधला की बर्फ कमी पडला?

"डॉक्टर, मला बांगडा बाधतो," अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण मला नवे नाहीत. जेवणानंतर तासाभरात चेहरा लालबुंद होतो, अंगावर गांधी उठतात, डोके ठणकते, छातीत धडधडते. काहींना उलट्या-जुलाबही होतात. घरची मंडळी ठरवून टाकतात, की आता मासा जन्मभर वर्ज्य! मी मात्र दोन प्रश्न विचारतो. पूर्वी बांगडा सोसत होता का? त्याच पंगतीत आणखी कोणाला त्रास झाला का? दोन्ही उत्तरे 'हो' आली, तर माझा संशय माशापेक्षा त्याच्या बर्फावर जातो.

बांगडा, तारली, कुपा, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचे द्रव्य असते. मेलेला मासा उबेत राहिला, की जंतू त्यापासून हिस्टामिन तयार करतात. ॲलर्जीच्या वेळी आपल्या शरीरात सुटते तेच हे द्रव्य, म्हणून लक्षणेही तशीच. एकदा तयार झालेले हिस्टामिन तळून, उकळून किंवा नंतर बर्फात ठेवून नाहीसे होत नाही. वास चांगला आहे, एवढ्यावरही विसंबता येत नाही. खाताना जीभ चुरचुरली किंवा मिऱ्यासारखी तिखट चव लागली, तर तो मासा बाजूला ठेवावा.

यावर उपाय एकच. मासा जाळ्यातून निघाल्यापासून चुलीपर्यंत गारवा तुटता कामा नये. कोकणच्या बंदरांतून घाट चढून येणाऱ्या मासळीला तर हे फारच लागू. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. तेवढेच थंडगार पाणी ३० अंशांपर्यंत तापले, तरी ३० किलोकॅलरीच घेते. म्हणून काम बर्फ करतो, बर्फाचे पाणी नव्हे. आपल्या हवेत किलोभर माशाला किलोभर बर्फ धरावा. मोठी ढेप वर ठेवून भागत नाही. चुरा करून मासा आणि बर्फ यांचे थर द्यावेत आणि वितळलेले पाणी खालून निघून जाऊ द्यावे. रेफ्रिजरेशनची गाडी गार मासा गार राखते. कोमट मासा झटपट थंड करणे तिचे काम नव्हे. गोठवलेला मासा उणे १८ अंशांखाली ठेवावा लागतो.

आता आपल्या हातातले. बाजारात मासा नुसत्या फळीवर आहे की बर्फात, हे आधी पाहा. इतर खरेदी आटोपून मासे शेवटी घ्या आणि पिशवीत थोडा बर्फ मागून घ्या. घरी येताच आतडी व कल्ले काढून, धुऊन, झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा. तिथे तापमान ४ अंशांपर्यंतच असावे. एक-दोन दिवसांत मासा संपवा. गोठवलेला मासा ओट्यावर न ठेवता फ्रीजमध्येच सुटू द्या. वीज बराच वेळ गेली असेल, तर पैशाचा मोह नको.

त्रास झालाच, तर तो बहुधा दिवसभरात ओसरतो. मात्र श्वास लागला, ओठ-जीभ सुजली किंवा चक्कर आली, तर घरगुती उपाय न करता रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. खरी ॲलर्जी असणारेही असतातच. ती आहे की नाही, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.