बुजणाऱ्या घोड्याला आधी बघू द्या

हुपरीत घोड्याला बुजायला निमित्त शोधावं लागत नाही. चांदीच्या कारखान्यांतली ठोकाठोक, पॉलिशच्या यंत्रांची घरघर, शेडवर फडफडणारी ताडपत्री, आणि गळीत हंगामात जवाहर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या. या भागात घोडं म्हटलं की शर्यत नाहीतर वरात, त्यामुळे कौतुक होतं ते पळण्याचं आणि नाचण्याचं. अनोळखी वस्तूपाशी थांबून, ती निरखून मग मुकाट पुढे जाणारं घोडं तयार करणं मला त्याहून कसबाचं वाटतं.

तसं घोडं बघायचं तर अंकली लांब नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या या गावातून शितोळे सरकारांचे दोन अश्व दरवर्षी माउलींच्या पालखी सोहळ्यासाठी आळंदीला चालत जातात. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२च्या सुमारास सोहळ्याला आजचं रूप दिलं, तेव्हापासूनचा हा मान. रिंगणात टाळ-मृदंगाचा कल्लोळ असतो, चहूबाजूंनी माणसं दाटलेली असतात, टापांखालची माती कपाळाला लावायला हात पुढे येतात. त्यातून माउलींचा अश्व स्वाराविना धावतो.

मेंढपाळ धनगरांचं घोडं दुसऱ्याच वाटेनं शिकतं. बिऱ्हाड लादलेल्या आईच्या मागोमाग शिंगरू ओढे, घाट, डांबरी रस्ते ओलांडत मोठं होतं. ती घाबरत नाही, म्हणून तेही घाबरत नाही. तबेल्यात एकट्या वाढलेल्या घोड्याला ही सोबत मिळत नाही. तिथे माणसाला आईची जागा घ्यावी लागते.

त्यासाठी घोड्याला काय दिसतं ते आधी समजून घ्यावं. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळपास चौफेर दिसतं, पण कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग नजरेआड राहतो. पायाजवळचं नीट पाहायला त्याला मान खाली घालावी लागते. उन्हातून अंधारात गेल्यावर त्याची नजर माणसापेक्षा सावकाश सरावते. म्हणून पुलाखालच्या बोगद्यापाशी ते अडतं, आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. जाताना ओळखीची झालेली वस्तू परतताना दुसऱ्या अंगाने दिसली, तर तीही नवी वाटू शकते. सराव दोन्ही बाजूंनी हवा तो यासाठी.

सुरुवात पाठीवर बसून करू नये. मोरकीला लांब दोर बांधून, खांद्याच्या बाजूला उभं राहून चालवावं. थेट समोर उभं राहिलात तर दचकलेलं घोडं तुमच्याच अंगावर येईल. जमिनीवर एक बांबू टाका. घोडं थबकलं, की तुम्हीही थांबा. दोर किंचित ताणा आणि त्याने नुसतं अंग पुढे झुकवलं तरी लगेच ढील द्या. सगळी विद्या या ढिलात आहे. पुढे येण्याला बळ मिळतं ते ताण सुटल्यामुळे. ढील उशिरा दिली, तर मधल्या वेळात त्याने जे केलं, मान झटकली किंवा मागे सरकलं, तेच ते शिकतं. चाबूक मारून ताडपत्रीवरून नेलेलं घोडं एकदा जातं. पुढच्या वेळी ताडपत्रीसोबत चाबकालाही भितं.

बांबूनंतर घडी केलेली ताडपत्री, मग पसरलेली, मग दणकट लाकडी फळी. तिच्यावर टाप वाजते, त्या आवाजाची सवय वेगळी करावी लागते. मान खाली गेली, ओठ चाटले, लांब श्वास सुटला, की तिथेच थांबावं. कान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या आणि डोळ्यांचं पांढरं दिसत असेल, तर चार पावलं मागे यावं. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात. शिंगराला हे सगळं हातात धरून शिकवता येतं, पाठीवर ओझं मात्र तीन-चार वर्षांचं होईपर्यंत नको.

शेवटची परीक्षा आपल्याकडे तयारच आहे: कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. अरुंद माथा, एका बाजूला साठलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला त्याचा आवाज. पहिल्यांदा अनुभवी घोडं पुढे ठेवावं, रहदारी नसेल अशी वेळ निवडावी. पावसाळ्यात पंचगंगेवरचा रुईचा बंधारा पाण्याखाली जातो. तेव्हा घोडं अडलं तर त्याचं ऐकून मागे फिरावं. त्या पाण्याखाली काय आहे ते आपल्यालाही दिसत नसतं.