व्हिडिओ गेम : अभ्यासास योग्य अशी नवी संस्कृती

कोयना-केरा संगमावरील आमच्या पाटणात सायंकाळी चार मुले आपापल्या मोबाइलवर मान झुकवून, ‘मागून येतोय, कव्हर दे’ असे परस्परांस बजावीत एकच लढाई लढताना दिसतात, तेव्हा तो केवळ कालापव्यय म्हणून निकालात काढणे म्हणजे एका उदयोन्मुख संस्कृतीची दखल घेण्यास नकार देणे होय, असे मला मनापासून वाटते.

संस्कृतीचा उगम क्रीडेत असतो, हा सिद्धान्त डच इतिहासकार योहान हाउझिंगा याने १९३८ साली मांडला. ‘गेम स्टडीज’ हे केवळ व्हिडिओ गेमच्या अभ्यासास वाहिलेले नियतकालिक २००१ पासून निघत आहे.

आपल्या मुलखातही अशा अभ्यासाच्या साधनांची वानवा नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या ‘राजी’ या खेळात, असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधार्थ निघालेल्या मुलीची कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडते, आणि तिचे काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपाने साकारतात; कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांनी जपलेल्या चामड्याच्या बाहुल्यांचे स्मरण त्यामुळे सहजच होते.

मात्र असे खेळ टिकतीलच याची शाश्वती नसते: २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ‘पबजी’ या ऑनलाइन लढाईच्या खेळावर बंदी घातली, २०२१ मध्ये तो खेळ ‘बीजीएमआय’ या नावाने परतला, आणि २०२५ च्या कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता देऊन पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली.

शिवाय केवळ ऑनलाइन चालणारे खेळ सर्व्हर बंद होताच खेळता येईनासे होतात. म्हणून तालुक्यातील शिक्षक-पालकांनी मुलांजवळ बसून त्यांच्या खेळांची तपशीलवार नोंद आजच दप्तरी करून ठेवावी, ही आग्रहाची विनंती.