ठेवीचे व्याज आणि किल्लारीची शिकवण

२९ सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचा दिवस. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती; दिगंबर जैन घरांत दशलक्षण पर्वाची सांगता झाली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली आणि औसा तालुक्यातील किल्लारी व आसपासची गावे जमीनदोस्त झाली. दगड-मातीच्या रुंद भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. भारतीय जैन संघटनेने या भागातील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले, हे आपणांस ठाऊकच आहे.

अशा प्रसंगी पेटी, चोपडी आणि पावती ढिगाऱ्याखाली जाते. पण बँकेतील मुदतठेव पावतीत नसते, बँकेच्या खात्यात असते. पावती हरवली तरी रीतसर अर्जाने दुसरी मिळते. खरी अडचण निराळी आहे. ठेव कोठे, कोणाच्या नावे आणि तिचे व्याज कोठे जमा होते, हे एकट्या कर्त्या पुरुषालाच ठाऊक असते. तो गेला की मागे राहिलेल्यांना काहीच सांगता येत नाही.

आपल्या व्यापारी घरांत ठेव ठेवताना प्रथम दर विचारला जातो. तो विचारावाच, परंतु दर एकच असूनही व्याज घेण्याच्या रीतीप्रमाणे फळ बदलते. समजा, आठ वर्षांच्या मुलाच्या नावे १ लाख रुपये दहा वर्षांसाठी ७ टक्के दराने ठेवले. व्याज दर तिमाहीस मुद्दलात मिळत गेले, तर तो अठरा वर्षांचा होईल तेव्हा सुमारे २ लाख १६० रुपये हाती येतात. रक्कम जवळजवळ दुप्पट होते. तेच व्याज दरमहा घेतले, तर महिन्याला सुमारे ५८० रुपये मिळतात. दहा वर्षांत ते ६९,६०० होतात आणि मुद्दल १ लाखच राहते. वर्षाचे ७,००० भागिले बारा म्हणजे ५८३ रुपये. मग ५८० का? व्याजाची आकारणी तिमाहीची असते. मासिक व्याज तिमाही पुरी होण्याआधीच हाती येते, म्हणून बँक त्यातून थोडी कसर कापते. यात फसवणूक नाही, हा वेळेचा हिशेब आहे.

यांतील योग्य रीत कोणती? ते पैसा कोणासाठी आहे यावर ठरते. ज्या विधवा मातेला दरमहा किराणा भरायचा आहे, तिला मासिक व्याजच हवे. ज्या मुलाचा खर्च आज दुसरे कोणी पाहत आहे, त्याच्यासाठी व्याज वाढू द्यावे. दोन्ही गरजा असतील तर रकमेच्या दोन ठेवी कराव्यात.

टपाल कार्यालयाच्या मुदतठेवीची रीत वेगळी आहे. तेथे व्याजाची आकारणी तिमाही असली तरी ते वर्षातून एकदा देय होते. देय झालेले व्याज उचलले नाही, तर त्यावर आणखी व्याज मिळत नाही. म्हणून ते बचत खात्यात जमा करण्याची सूचना आरंभीच द्यावी. मुदतीअखेर मिळणारे बँकेचे व्याजही प्राप्तिकरासाठी दरवर्षीचे उत्पन्न धरले जाऊ शकते, हेही ध्यानात असावे.

मुदत संपल्यावर ठेव विसरली तर? रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमानुसार न उचललेल्या, नूतनीकरण न झालेल्या ठेवीस बचत खात्याचा दर किंवा ठरलेला दर, यांपैकी कमी असेल तो मिळतो. दहा वर्षे कोणी विचारले नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. वारसांना ती तेथूनही मागता येते, पण त्यासाठी ती होती हे ठाऊक हवे. ठेवीदार मुदतीआधी वारला, तर वारस दंडाविना ठेव मोडू शकतात. नामनिर्देशन असल्यास रक्कम लवकर हाती पडते; मात्र नामनिर्देशित व्यक्ती ती वारसांच्या वतीने स्वीकारते, मालक होत नाही.

सुरक्षेचाही विचार व्हावा. किल्लारीच्या भूकंपाच्याच वर्षी, १ मे १९९३ रोजी, बँकठेवींच्या विम्याची मर्यादा १ लाख रुपये झाली. २०२० पासून ती एका बँकेत एका ठेवीदारामागे मुद्दल व व्याज मिळून ५ लाख आहे. सहकारी बँकांना हा विमा लागू आहे, पतसंस्थांना नाही. चार आणे जास्त व्याजाच्या मोहात हा फरक विसरू नये.

येत्या दिवाळीत वहीपूजन कराल, तेव्हा वहीचे एक पान राखून ठेवा. त्यावर प्रत्येक ठेवीची बँक, शाखा, क्रमांक, मुदत, व्याजाची रीत आणि नामनिर्देशन लिहा. ते पान पत्नीला आणि जाणत्या मुला-मुलींना वाचून दाखवा, आणि त्याची एक प्रत दुसऱ्या गावी, विश्वासाच्या नातलगाकडे ठेवा.