घरची भाकरी-भाजी खाल्ली की गर्भाशयमुखाचा कॅन्सर टळतो का?

हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. शिरूरच्या एसटीत किंवा दौंडच्या शटलमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी खास.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण आपल्याकडे घरोघरी एक वाक्य असतं: "आम्ही घरचंच खातो, आम्हाला कशाला कॅन्सर होतोय?" गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपुरतं तरी ते तपासून बघू.

हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका कॉमन आहे की कुणाच्या चारित्र्याशी त्याचा संबंध जोडूच नका. बहुतेक वेळा शरीर एक-दोन वर्षांत त्याला हाकलून लावतं. काहींच्या शरीरात मात्र तो मुक्काम ठोकतो आणि बऱ्याच वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो.

आहाराचा संबंध येतो तो या हाकलण्यात. मेथी, शेवगा, पेरू, आवळा यांतून फोलेट, कॅरोटीन, क जीवनसत्त्व मिळतं आणि प्रतिकारशक्तीला ते लागतंच. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्या बायकांमध्ये विषाणू कमी टिकतो, असं काही अभ्यासांत दिसलं. पण 1990च्या दशकात अमेरिकेत फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या देऊन बघितल्या, तेव्हा बिघडलेल्या पेशींवर ठोस फायदा दिसला नाही. म्हणजे आहार मदत करतो, हमी देत नाही. विडी-सिगारेटने धोका वाढतो, हे मात्र पक्कं.

मग जीव वाचतो कशाने? उत्तर आपल्या महाराष्ट्रातच मिळालं. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. निकाल 2009 मध्ये आला: एकदाच एचपीव्ही टेस्ट आणि गरजेनुसार उपचार झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. याही खेड्यातल्याच बायका होत्या बरं का!

म्हणून आई, मावशी, काकू तिशीपुढच्या असतील तर सरकारी दवाखान्यात या तपासणीची चौकशी करा. "बीपी-शुगरबरोबर हेही बघून घेऊ" एवढं म्हटलं तरी विषय निघतो. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जात असेल, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. घरात 9 ते 14 वर्षांची मुलगी असेल तर लसीबद्दल विचारा. पुण्याच्या सीरमची सर्वावॅक 2023 पासून आहे.

भाकरी-भाजी चालू ठेवाच. फक्त तपासणीची जागा तिला देऊ नका.